पेठ वसवावी लागते

पेठ आपोआप वसते आणि काळ पालटला की आपोआप ओस पडते, अशी एक समजूत आपल्याकडे सुशिक्षितांत, आणि त्याहूनही अधिक नगरपरिषदांच्या दफ्तरांत, दृढमूल झालेली आहे. तालुक्याच्या गावच्या मुख्य बाजारपेठेविषयी आज जी सार्वत्रिक उदासीनता आढळते तिचे मूळ बऱ्याच अंशी या समजुतीतच आहे. इतिहासाची साक्ष निराळी आहे. मराठेशाहीत नवी पेठ वसवायची म्हटली म्हणजे प्रथम सरकारातून कौल दिला जाई. बाहेरून येऊन दुकान मांडणाऱ्या उदम्यास, कोष्ट्यास, तांबटास किंवा कासारास काही वर्षे मोहतर्फा म्हणजे धंद्यावरचा कर माफ, जकातीत सूट, घरासाठी जागा, आणि सरकारी माणसांचा उपद्रव होणार नाही याची हमी, अशा स्वरूपाचे अभिवचन त्यात असे. आणि वस्ती वाढवावी, बाजाराची व्यवस्था राखावी, सरकारचा वसूल वेळेवर पोचवावा यासाठी शेटे व महाजन हे वतनदार पेठेवर असत, ज्यांना या कामाबद्दल बाजारातूनच ठराविक हक्क मिळत. पुण्याच्या सदाशिव, नाना आणि रास्ता या पेठा कोणीतरी मनावर घेऊन वसविल्या म्हणूनच वसल्या. ही परंपरा पेशवाईबरोबर लयास गेली असेही नाही. कोल्हापूरच्या शाहू छत्रपतींनी १८९५ साली गुळाच्या व्यापारासाठी शाहूपुरी वसविली आणि १९१७ साली आपल्या जनक पित्याच्या नावे जयसिंगपूर हे अवघे गावच बाजारपेठ म्हणून आखले. तिकडे निजामाच्या अमलाखालील लातुरात गंजगोलाई ही पेठ अशी रचली गेली की सोळा रस्ते चहूकडून येऊन तिला मिळावेत.

गतवैभवाची आळवणी करण्यासाठी ही उदाहरणे दिलेली नाहीत. ध्यानात घेण्याजोगी गोष्ट ही की, कौल देताना राज्यकर्ता आपल्या हक्कातले काही सोडत असे आणि त्या बदल्यात व्यापाऱ्याकडून काही मागत असे. सवलत आणि उत्तरदायित्व या दोहोंचा तो करार होता. आजच्या पेठेच्या वाट्याला यांपैकी एकही येत नाही. नगरपरिषदेच्या दृष्टीने पेठ म्हणजे घरपट्टी आणि गाळेभाडे यांच्या वसुलीचे ठिकाण. व्यापाऱ्याच्या दृष्टीने नगरपरिषद म्हणजे नोटीस बजावणारे खाते. आणि या उभयतांच्या अबोल्यात जो मधल्या मध्ये अडखळतो तो गिऱ्हाईक, खड्डे, दुचाकींच्या रांगा आणि उघडी गटारे चुकवीत दोन-चार वेळा पेठेत येतो व पाचव्या वेळी घरबसल्या फोनवरून वस्तू मागवून मोकळा होतो. सारा दोष त्या फोनवर ढकलण्याची आता रीत पडली आहे; आमच्या मते पेठेचा ऱ्हास त्याच्या किती तरी आधी सुरू झाला होता.

सावंतवाडीचे उदाहरण या दृष्टीने फार बोलके आहे. संस्थानची ही राजधानी मोती तलावाच्या काठी वसलेली, आणि तिची कीर्ती तिच्या चितारआळीने दूरवर नेलेली. पांगाऱ्याच्या हलक्या लाकडावर रंग आणि लाख चढवून घडविलेली फळे, पाट, पोळपाट-लाटणी, बाहुल्या आणि भातुकलीचा संसार ज्यांच्या बालपणी आला नाही अशी मराठी घरे एके काळी थोडीच असतील. गंजिफाचे गोल पत्ते ही याच गावची दुसरी ख्याती. दशावतारी गंजिफाचा संच १२० पत्त्यांचा, दहा अवतारांचे दहा रंग आणि प्रत्येकात बारा पाने, आणि ही जवळजवळ विस्मृतीत गेलेली कला राजघराण्यातील शिवरामराजे व सत्त्वशीलादेवी भोसले यांनी कारागिरांना राजवाड्यात आश्रय देऊन पुनश्च उभी केली. मुंबईहून गोव्याकडे जाणारा राजमार्ग त्या काळी गावातूनच जात असे. वाहने तलावाशी थांबत, मंडळी चहा घेत, पोरे खेळण्यांपुढे हट्ट धरीत आणि काजू, कोकम, आमसुले यांच्या पुड्यांसह लाकडी फळांची परडी गाडीत चढे. पुढे कोकण रेल्वे आली, तिचे ‘सावंतवाडी रोड’ हे स्थानक गावापासून काही किलोमीटरवर मळगावात झाले. आणि चौपदरी महामार्ग झाला तो झारापपासून पत्रादेवीपर्यंत गाव बाजूस ठेवून निघून गेला. पूर्वी गिऱ्हाईक पेठेला वाटेत भेटत असे; आता त्याने वाट वाकडी करून पेठेत यावे लागते. बाह्यवळणाच्या विरुद्ध आम्ही नाही. अवजड मालमोटारी शाळेच्या फाटकावरून धडधडत जाव्यात असे कोणता शहाणा म्हणेल? परंतु ज्या शासनाने कोट्यवधी रुपये खर्चून रस्ता गावाबाहेर नेला, त्या शासनाने त्या रस्त्यामुळे ज्यांचे गिऱ्हाईक गेले त्यांच्यासाठी एक स्वतंत्र लेखाशीर्ष उघडावे, ही अपेक्षा अवास्तव म्हणता येणार नाही. रस्त्यात गेलेल्या जमिनीचा मोबदला कायद्याने मिळतो. रस्त्याबरोबर गेलेल्या व्यापाराचा मोबदला कोणत्याच कायद्यात नाही.

सावंतवाडीची पेठ निदान पर्यटकाला साद घालू शकते. घाटावरच्या, मराठवाड्याच्या आणि वऱ्हाडाच्या पेठांना तीही सोय नाही, कारण त्यांचे गिऱ्हाईक म्हणजे आसपासच्या पन्नास-शंभर खेड्यांतला शेतकरी. आणि तो शेतकरी पेठेपासून कसा दुरावला याची हकीकत कोणी फारशी सांगत नाही. अडत्याचे दुकान पूर्वी पेठेतच असे. शेतकरी गाडी भरून ज्वारी, भुईमूग, हळद अथवा कापूस घेऊन येई, माल उतरवी, पट्टी घेई आणि हाती रोकड पडताच त्याच रस्त्यावर कापडवाल्याकडे, भांड्यांच्या दुकानात, सराफकट्ट्यावर आणि शेवटी भजी-जिलेबीच्या हॉटेलात जाई. या व्यवहारात लबाडीही पुष्कळ होती. रुमालाखाली बोटे दाबून ठरणारा भाव, वजनातला कडता, नाना तऱ्हेच्या कटौत्या यांनी रयत नाडली जात होती. तिच्या रक्षणासाठी वऱ्हाडात कारंजा येथे १८८६ सालीच नियंत्रित बाजार सुरू झाला, १८९७ साली वऱ्हाडपुरता कायदा झाला, आणि १९६३ च्या कायद्याने साऱ्या महाराष्ट्रात बाजार समित्यांचा अंमल बसला. मोठ्या आवाराची गरज म्हणून मार्केट यार्ड साहजिकच गावाबाहेर गेले. सुधारणा न्याय्य होती, आवश्यकही होती. पण तिच्यामुळे शेतकऱ्याची रोकड आणि पेठेचा गल्ला यांमधला जो काही पावलांचा संबंध होता तो तुटला, आणि तो पुन्हा जोडावा याचा विचार ना बाजार समितीने केला, ना नगरपरिषदेने. आता तर पट्टीची रक्कम आणि उसाचे बिल थेट बँकेत जमा होते. ते योग्यच आहे. मात्र ज्याला पैशासाठी पेठेत यावे लागत नाही त्याला पेठेत आणण्यासाठी दुसरे काही कारण लागते, हे कोणी ध्यानात घेतले नाही.

ते कारण सरकारच्या हाती होते आणि सरकारने तेही घालविले. मामलेदार कचेरी, दिवाणी न्यायालय, दुय्यम निबंधकांचे कार्यालय, पंचायत समिती, टपालघर आणि एस. टी. चे स्थानक ही सारी पेठेपासून हाकेच्या अंतरावर असत. सात-बाराच्या उताऱ्यासाठी किंवा तारखेसाठी आलेला पक्षकार काम झाले वा न झाले तरी दोन जिन्नस घेऊनच परते. गेल्या काही दशकांत ठिकठिकाणी प्रशस्त ‘मध्यवर्ती प्रशासकीय इमारत’ उभी राहू लागली, आणि ‘मध्यवर्ती’ हे बिरुद मिरविणारी ही वास्तू बहुधा गावाच्या टोकाला, जेथे सरकारी गायरान स्वस्तात उपलब्ध होते अशा माळावर बांधण्याचा प्रघात पडला. खेड्यातून आलेली वृद्ध बाई स्थानकावर उतरून रिक्षाला पैसे मोजीत त्या माळावर जाते आणि तेथून परभारे परतते. पेठेच्या पुनरुज्जीवनासाठी निधी मागणाऱ्यांनी आधी ही एक मागणी करावी असे आम्ही सुचवू: यापुढे कोणतीही सरकारी कचेरी गावाबाहेर हलविताना पेठेवर होणाऱ्या परिणामाचा लेखी विचार झाल्यावाचून मंजुरी देऊ नये, आणि पेठेतील जुन्या सरकारी वास्तू मोकळ्या पडल्या असतील तर त्यांत निदान सेतू केंद्रासारखी रोजच्या कामाची एक खिडकी परत आणावी. यास सुशोभीकरणाच्या खर्चाचा दशांशही लागणार नाही.

सुशोभीकरण हा शब्द आला म्हणून थोडे विषयांतर करतो. पेठेचा उद्धार म्हटला की आपल्या लोकप्रतिनिधींच्या दृष्टीपुढे प्रथम येतात ते फरशीचे ठोकळे, त्यानंतर नक्षीदार दिव्यांचे खांब, आणि सर्वांत शेवटी गावाच्या नावापुढे लाल बदाम लावलेली ती पुरुषभर उंचीची अक्षरे, ज्यांच्याजवळ उभे राहून छायाचित्र काढण्याची सोय असते. ठोकळे पहिल्या पावसाळ्यात उखडतात, दिवे दुसऱ्यात विझतात. अक्षरे मात्र टिकतात. या खर्चाने एका तरी दुकानाची विक्री वाढली का, असा प्रश्न सर्वसाधारण सभेत विचारला गेल्याचे आमच्या तरी ऐकिवात नाही.

पेठेला याहून किती साध्या गोष्टींची निकड आहे, हे लग्नसराईत कळते. बस्ता बांधायला दोन्ही घरची पंधरा-वीस माणसे येतात, त्यांत निम्म्याहून अधिक स्त्रिया असतात, आणि शालू, पैठणी, मानपानाची लुगडी, टोप्या-उपरणी अशी निवड करता करता सहा-सात तास सहज जातात. या सबंध वेळात त्या स्त्रियांसाठी पेठेत एकही स्वच्छ, पाणी असलेले, कडी लागणारे स्वच्छतागृह नसावे, ही केवळ गैरसोय आहे की अप्रतिष्ठा? जिल्ह्याच्या ठिकाणी उभ्या राहिलेल्या बहुमजली कापडदुकानांनी बस्ता तिकडे ओढून नेला तो भावाच्या जोरावर नेला असे व्यापारी म्हणतात. आम्हांस वाटते, बसायला गाद्या, प्यायला पाणी, गाडी लावायला जागा आणि स्त्रियांना स्वच्छतागृह या चार गोष्टींच्या जोरावर तो गेला. ज्या नगरपरिषदेला पेठेत काही करून दाखवायचे आहे तिने आरंभ येथून करावा, आणि स्वच्छतागृह बांधण्यापेक्षा ते रोज धुण्यासाठी माणूस नेमण्याची तरतूद आधी करावी, कारण बांधलेली आणि कुलूप घातलेली स्वच्छतागृहे आपण बरीच पाहिली आहेत.

व्यापाऱ्यांचीही बाजू सर्वस्वी निर्दोष नाही, आणि त्यांचे हितचिंतक म्हणविणाऱ्यांनी हे स्पष्ट सांगितले पाहिजे. आपल्याच दुकानापुढे सकाळी आपली दुचाकी लावून ठेवायची आणि गिऱ्हाईकाला जागा मिळत नाही म्हणून हळहळायचे. पायरीवर, पायरीपुढच्या पदपथावर आणि त्याही पुढे माल मांडायचा आणि हातगाडीवाल्याच्या अतिक्रमणाविरुद्ध निवेदन द्यायचे. भावफलक लावायचा नाही, मागितल्यावाचून पावती द्यायची नाही, आणि नापसंत वस्तू परत आणणाऱ्याकडे जणू कर्ज मागायला आल्याप्रमाणे पाहायचे. दुपारी एक ते चार फळी लावून निजायचे आणि नोकरदार माणूस जेव्हा मोकळा होतो त्या रात्री आठच्या सुमारास पुन्हा फळी लावायची. महाराष्ट्राचा दुकाने व आस्थापनांविषयीचा १९४८ चा कायदा जाऊन २०१७ चा नवा कायदा आला, त्याने दुकान उघडे ठेवण्याच्या वेळांवरचे जुने निर्बंध जवळजवळ दूर केले आणि दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानदाराला नोंदणीऐवजी केवळ सूचना देण्याची मुभा दिली. तरीही पेठेचे वेळापत्रक आजोबांच्या काळचेच राहिले. उधारीच्या बाबतीत मात्र हा दुकानदार कोणत्याही कंपनीहून श्रेष्ठ आहे, हे त्याचे ऋण मान्य केले पाहिजे. सुगीच्या बोलीवर वर्षभर किराणा देणारा, घरात आजारपण निघाले तर वहीतली बाकी पुढे ओढणारा, शाळेच्या इमारतीला आणि गावच्या वाचनालयाला न मागता देणगी देणारा तोच आहे. गाव त्याला ओळखते आणि तो गावाला ओळखतो, ही ओळख त्याचे खरे भांडवल आहे.

पदपथावरच्या विक्रेत्यांविषयी व्यापाऱ्यांचे वैर तर आम्हांस आत्मघातकी वाटते. भाजीवाली, बांगड्यांची गाडी, गजरेवाली, चाकू-कात्रीला धार लावणारा यांच्यामुळे रस्त्यावर जी वर्दळ असते तिच्यातूनच दुकानांना गिऱ्हाईक मिळते. आठवडा बाजार नदीपलीकडच्या मैदानात हलविल्यावर त्या दिवशीचा आपला गल्ला कसा रोडावला हे कोणत्याही कापडवाल्याने आपली वही उघडून पाहावे. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने नगर पथविक्रेता समिती स्थापन करणे बंधनकारक केले, तीत पथविक्रेत्यांचे प्रतिनिधी चाळीस टक्क्यांपेक्षा कमी नसावेत आणि त्यांत एक तृतीयांश स्त्रिया असाव्यात असा दंडक घातला, आणि दर पाच वर्षांनी सर्वेक्षण करण्यास सांगितले. ही समिती कागदावरून उतरून खरोखर भरत असेल तर कोणती गाडी कोठे आणि किती वाजेपर्यंत उभी राहावी हा प्रश्न पोलिसाच्या काठीवाचून सुटू शकतो.

आता बंद दुकानांकडे वळतो, कारण पेठेच्या अवनतीचे सर्वांत कठीण कारण त्यांच्या कुलपांत दडले आहे. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने जागांचे भाडे १९४० च्या पातळीला बांधून ठेवले. १९९९ च्या कायद्याने वर्षाला चार टक्के वाढीची मुभा दिली खरी, पण ती त्या गोठलेल्या रकमेवर. परिणामी, पेठेतल्या जुन्या वाड्याचा मालक चहाच्या पैशांएवढे भाडे घेतो म्हणून छप्पर शाकारीत नाही, भाडेकरू वहिवाट जाईल म्हणून जागा सोडीत नाही, वरचा मजला ढासळतो, आणि मालकाच्या निधनानंतर सामाईकात आलेले आठ-दहा वारस पुणे, ठाणे व परदेश अशा तीन दिशांना पांगून कोणीच सही करीत नाहीत. नगरपरिषदेच्या गाळ्यांची तऱ्हा याच्या उलट आहे: तेथे लिलावात अनामत इतकी चढते की खरा धंदेवाईक मागे सरतो, गाळा गुंतवणूक म्हणून घेतला जातो, आणि मग तो पोटभाड्याने दिला जातो अथवा तसाच कुलूपबंद राहतो.

हा पेच आपल्याच नशिबी आला आहे असे नाही. इंग्लंडात २०२४ च्या डिसेंबरपासून स्थानिक स्वराज्य संस्थांना असा अधिकार मिळाला आहे की, मुख्य बाजाररस्त्यावरील जे दुकान चोवीस महिन्यांच्या अवधीत ३६५ दिवस रिकामे राहिले असेल त्याचा भाडेपट्टा एक ते पाच वर्षांसाठी त्यांनी लिलावाने देऊन टाकावा. मालकी मालकाचीच राहते, परंतु कुलूप ठेवण्याचा हक्क राहत नाही. जपानची कथा याहून उद्बोधक आहे. तेथे १९७३ साली मोठ्या दुकानांना आवर घालणारा कायदा झाला, तो २००० साली रद्द झाला. पण तो अंमलात असतानाही गावोगावच्या पेठा ओस पडतच होत्या, कारण दुकानदार म्हातारे झाले होते आणि मुले गादीवर बसायला तयार नव्हती. ताकामात्सु या शहरात मारुगामे-माची नावाची जुनी पेठ आहे. १९८८ साली सेतो समुद्रावरील महासेतू खुला झाला आणि आता गिऱ्हाईक पुलावरून थेट मोठ्या शहरांकडे जाईल हा धोका तेथल्या व्यापाऱ्यांनी वेळीच ओळखली. त्यांनी सरकारकडे संरक्षण मागण्याऐवजी आपसांत करार केला: जमिनीची मालकी प्रत्येकाने आपल्यापाशी ठेवायची, पण जमिनीचा वापर साठ वर्षांच्या पट्ट्याने पेठेच्या सामाईक कंपनीला द्यायचा, आणि कोणत्या जागेत कोणते दुकान असावे, वर घरे असावीत की दवाखाना, हे त्या कंपनीने ठरवायचे. पहिला नवा विभाग २००६ साली उभा राहिला. विचारापासून इमारतीपर्यंत जवळजवळ दोन दशके गेली. आपल्याकडे एका नगराध्यक्षाच्या कारकिर्दीत पेठ पालटण्याची घोषणा होते, म्हणून हा कालावधी मुद्दाम नमूद केला.

तेव्हा आजच्या पेठेला जे हवे आहे ते एका नव्या कौलाच्या स्वरूपात मांडता येईल. नगरपरिषदेने आपल्या गाळ्यांचा लिलाव केवळ चढ्या बोलीवर न करता, काही गाळे नव्या उद्योजकांस, महिला बचत गटांस व स्थानिक कारागिरांस पहिली तीन वर्षे अल्प भाड्याने द्यावेत, मात्र अट अशी की दुकान महिन्यातले किमान पंचवीस दिवस उघडे राहिले पाहिजे, पोटभाडेकरू ठेवता कामा नये, आणि अट मोडताच गाळा विनातक्रार परत आला पाहिजे. खाजगी जागांत, जो मालक आणि भाडेकरू समजुतीने नवे भाडे ठरवून इमारतीची दुरुस्ती करतील त्यांना दुरुस्तीच्या मर्यादेत घरपट्टीत सूट मिळावी. आणि निष्कारण वर्षानुवर्षे बंद राहणाऱ्या दुकानावर सूट तर नाहीच, उलट वाढीव आकारणी करता यावी यासाठी राज्य सरकारने नगरपरिषद अधिनियमात दुरुस्ती करावी. व्यापाऱ्यांनी आपल्या बाजूने दुचाक्या पेठेबाहेर लावणे, माल उतरविण्याची वेळ सकाळी दहापूर्वीची ठरविणे, भावफलक आणि पावती देणे, आणि रात्री नऊपर्यंत दिवे लावून ठेवणे ही कलमे स्वीकारावीत. पदपथ मोकळा ठेवण्याचे कलम दोघांना सारखेच लागू असावे, नगरपरिषदेच्या जाहिरातफलकांसह.

या कराराची अंमलबजावणी पाहण्यास कोणी जबाबदार माणूस नसेल तर तो कागदच राहील. बांधकाम खाते रस्ता पाहते, आरोग्य खाते कचरा, कर खाते वसुली, पोलीस वाहतूक. संपूर्ण पेठ कोणीच पाहत नाही. शेटे-महाजनांची वतने परत आणण्याचा हा प्रस्ताव नव्हे. वतनदारीचे दोष आपण पुरेसे भोगले आहेत. परंतु ज्याचे काम केवळ पेठ हेच आहे, ज्याची नेमणूक मुदतीची आहे, जो व्यापारी, पथविक्रेते आणि ग्राहक या तिघांच्या समितीला दर तिमाहीस किती दुकाने उघडली व किती मिटली याचा हिशेब देतो, असा एक पेठ-व्यवस्थापक नेमणे कोणत्याही ‘अ’ वा ‘ब’ वर्ग नगरपरिषदेला परवडण्यासारखे आहे. त्याच्या पगाराचा काही भाग व्यापारी संघाने उचलावा, म्हणजे जाब विचारण्याचा अधिकारही संघाला प्राप्त होईल.

यावर एक आक्षेप येईल आणि तो दुर्लक्षण्याजोगा नाही. ग्राहकाला जर तीच वस्तू घरपोच आणि स्वस्त मिळत असेल, तर करदात्यांच्या पैशाने त्याच्या मार्गात महागडे दुकान जिवंत ठेवण्याचे प्रयोजन काय? आमचे उत्तर असे की, प्रत्येक दुकान जिवंत ठेवावे असे आमचे म्हणणेच नाही. जो दुकानदार केवळ मुंबईहून आलेला बंद खोका उघडून विकतो आणि त्यात आपली अशी काही भर घालीत नाही, त्याला कोणताही कौल तारू शकणार नाही. पण जो गिरणीवाला डोळ्यांपुढे दळून देतो, जो शिंपी मापाचे शिवतो, जो कासार बांगडी हातात भरतो, जो कृषी सेवा केंद्रवाला पानावरची कीड पाहून औषध देतो आणि नको असेल तर नको म्हणतो, त्याचे काम खोक्यात येत नाही. शिवाय पेठेतल्या रोजगाराची गणना कोणी केली आहे? दुकानात बसणारी मुलगी, मागे वजन करणारा नोकर, हमाल, शेजारचा चहावाला आणि फळीवर झोपणारा राखणदार यांची मिळकत त्याच गावात खर्च होते. ती गेली की घरपट्टीचा आधार जातो, आणि मग पाणीपुरवठ्याच्या विजेच्या बिलासाठी नगरपरिषद राज्य सरकारच्या दारात उभी राहते. पेठेवर केलेला खर्च हा व्यापाऱ्यांवर केलेला उपकार नसून नगरपरिषदेने आपल्याच उत्पन्नाची केलेली डागडुजी आहे.

दीर्घकाळ प्रशासकांच्या हाती राहिलेल्या नगरपरिषदांत कोणाकडे दाद मागावी हेच व्यापाऱ्यांस कळत नव्हते, ही सबब काही वर्षे पुरली. आता ती पुरणार नाही. पुढील वर्षाचे अंदाजपत्रक सर्वसाधारण सभेपुढे मार्चपूर्वी येईल; त्याआधी प्रत्येक तालुक्याच्या गावच्या व्यापारी संघाने पथविक्रेत्यांना बरोबर घेऊन, बंद दुकानांची यादी, रिकाम्या गाळ्यांची यादी आणि आपण स्वतः कोणती कलमे पाळणार याची लेखी हमी अशी तीन कागदपत्रे नगराध्यक्षांच्या हाती द्यावीत, आणि सुशोभीकरणाच्या शीर्षाखालील रक्कम स्त्रियांच्या स्वच्छतागृहाकडे व पेठ-व्यवस्थापकाच्या पगाराकडे वळवावी एवढी एकच मागणी करावी.